लिनक्स रुजेल, पण बांधावर उभे राहावे लागेल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचा आधार कंपनीने थांबवला. शहरात यावर बरीच चर्चा झाली. खेड्यात तेवढी झाली नाही, पण त्याची झळ खेड्यालाच जास्त बसते आहे. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावाकडे पाठवून देतो, ही आता रीतच पडली आहे. असे जुने संगणक बऱ्याच घरांत आहेत. सोसायटीच्या कचेरीत, गावच्या वाचनालयात, दूध डेअरीतही आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कुठे त्यांच्यावर हात बसवायला सुरुवात केली होती, तोच ही बातमी आली.

आधार थांबला म्हणजे यंत्र बंद पडत नाही, ते चालू राहते. पण प्रणालीत सापडणाऱ्या दोषांची डागडुजी पुढे मिळत नाही. पाझर तलावाच्या भिंतीला भोक पडले आणि ते बुजवायला कुणी येणार नाही, अशी ही अवस्था आहे. काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत दिली गेली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. नव्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीची बहुतेक यंत्रे, धडधाकट असूनही, त्या दृष्टीने बाद ठरतात. तालुक्याच्या दुकानात नेले तर दोनच सल्ले मिळतात. एक, भंगारात घाला आणि नवे घ्या. दुसरा, 'क्रॅक' मारून देतो, चारशे-पाचशे द्या. पहिला परवडत नाही. दुसरा म्हणजे बिनपावतीचे, बिनलेबलाचे बियाणे. उगवले तर उगवले, नाहीतर तक्रार कुणाकडे करणार?

तिसरा रस्ता आहे. तो लिनक्सचा. मी कृषी पदविकाधारक आहे, संगणकाचा अभियंता नव्हे. विस्ताराच्या कामात बांधावर हिंडणारा माणूस आहे. पण गेल्या दीड-दोन वर्षांत घरातल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांतल्या पाच-सहा वयस्क मंडळींच्या यंत्रांवर लिनक्स टाकून पाहिले. त्यातून माझे जे मत बनले ते असे, की म्हातारी माणसे लिनक्स सहज शिकतात. अडचण होते ती आपली, तरुणांची. हे मत का, ते सविस्तर सांगतो.

सरळ वाण आणि संकरित पाकीट

आधी लिनक्स म्हणजे काय, ते आपल्या भाषेत. संकरित बियाण्याचे पाकीट दर हंगामाला नवे आणावे लागते. घरचे राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही. त्या वाणाचे आई-बाप कोण, ते कंपनीला ठाऊक, आपल्याला नाही. विंडोज साधारण तशी आहे. ती वापरायची परवानगी विकत मिळते, आतली घडण मिळत नाही.

लिनक्स हा सरळ वाण. घरचे बी राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, निवड करून सुधारा. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. १९९२ पासून तो गाभा याच परवान्याखाली आहे. परवान्याची मुख्य अट अशी, की हे सॉफ्टवेअर घ्या, वापरा, बदला, वाटा, विकायचे तर विकासुद्धा. पण बदलून दुसऱ्याला दिले तर बदललेली घडणही उघडी ठेवा. गावच्या आडाचे पाणी कितीही शेंदा, फक्त आडाला कुलूप लावू नका.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या देशाच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तो असेच गावरान बी जपून वाटल्याबद्दल. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून शेतात निवड करत एचएमटी तांदूळ तयार केला आणि बी मोकळ्या हाताने वाटले. वाण राज्याबाहेर पसरला, पण त्या मानाने दादाजींच्या पदरात फार थोडे पडले. २०१८ साली ते गेले. वाटणाऱ्याचे नाव आणि वाटलेल्याचा मोकळेपणा, दोन्ही लेखी बांधून ठेवायला हवे, हे जीपीएलवाल्यांनी वेळीच ओळखले, एवढाच काय तो फरक.

आणि ज्यांना वाटते की हे काहीतरी परदेशी, अवघड आहे, त्यांनी आपला मोबाइल हातात घ्यावा. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. २०२१ पासून शेतकरी ज्यावर ई-पीक पाहणी करतात, तो अँड्रॉइड फोन लिनक्सवरच चालतो. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी निघते, तिच्यातले सगळे २०१७ पासून लिनक्सवर आहेत. केरळातील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. आपल्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली, आणि त्या सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. तेव्हा 'फुकटचे ते पौष्टिक' अशी टिंगल करण्याचे कारण नाही.

म्हातारे शिकत नाहीत, हे कोणी ठरवले?

'आता या वयात कशाला त्यांना त्रास?' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, नाही असे नाही. पण या वाक्यात एक मोठा अन्याय दडलेला आहे. आज जे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या विशीच्या आतबाहेर, १९६४ साली, सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. तिच्यावर सगळ्या गावाने नाके मुरडली. कणीस बुटके, भाकरी बेचव, कडबा कमी. तरी याच पिढीने ती पेरून पाहिली आणि हिशेब मांडून ठेवली किंवा सोडली. मोटेवरून इंजिनावर, इंजिनावरून विजेच्या पंपावर, पाटपाण्यावरून ठिबकवर याच माणसांनी उडी घेतली. जी पिढी एका आयुष्यात एवढे बदल पचवते, तिला संगणकाच्या पडद्यावरची चार चित्रे समजणार नाहीत, हे म्हणणे धाडसाचे आहे.

आम्हाला विस्तार शिक्षणात एक जुना अभ्यास शिकवतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला, त्याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की नव्या बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचे शेत पाहून. आणि कुणी एकदम सगळे रान नव्या मक्याखाली आणले नाही. आधी थोडक्यात पेरून पाहिले. पुढे १९६२ साली एव्हरेट रॉजर्स यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात नवी गोष्ट स्वीकारण्याच्या पाच कसोट्या दिल्या आहेत. फायदा दिसतो का, आपल्या रीतीभातीत बसते का, फार किचकट तर नाही ना, थोडक्यात करून पाहता येते का आणि दुसऱ्याचे पाहून कळते का.

लिनक्स या पाचही कसोट्यांवर घासून पाहा. फायदा उघड आहे, जुने यंत्र पुन्हा चालते आणि परवान्याला पैसा लागत नाही. थोडक्यात करून पाहण्याची सोय तर अशी आहे, की बियाण्यातसुद्धा नाही. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक चालू करता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. आवडले तर ठेवा, नाही आवडले तर पेनड्राइव्ह काढा, यंत्र पहिल्यासारखे. याला आम्ही एका गुंठ्यावरचे प्रात्यक्षिक म्हणतो. किचकटपणाचे म्हणाल, तर लिनक्स मिंटसारख्या प्रकारात खाली डाव्या कोपऱ्यात यादीचे बटण, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, अशी ओळखीचीच मांडणी असते. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर ती बऱ्यापैकी चालते. उरल्या दोन कसोट्या, आपल्या रीतीत बसणे आणि दुसऱ्याचे पाहणे. त्या माणसांच्या हातात आहेत, यंत्राच्या नाहीत. आणि खरी गोम तिथेच आहे.

घरातले दोन दाखले

आमचे चुलते, तात्या, वय ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीस-बत्तीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी त्यांच्या वह्यांत आहेत. त्या संगणकात घालायच्या ही त्यांची इच्छा. त्यांच्याकडच्या लॅपटॉपवर मिंट टाकले. मी म्हणालो, "तात्या, याला लिनक्स म्हणतात." ते म्हणाले, "अरे, नावाशी मला काय करायचंय? माझं कालचं पान उघडतंय ना, एवढं सांग."

या एका वाक्यात सगळे आले. आपण तरुण लोक विंडोजला सवकलेले असतो, म्हणून आपल्याला प्रत्येक बदललेली जागा खुपते. तात्यांना सवय अशी फार नव्हतीच. त्यांना विसरायचे काही नव्हते, फक्त शिकायचे होते. त्यांनी मागितले ते साधे. अक्षर मोठे हवे, म्हणून अक्षराचा आकार वाढवला. दोनदा टिचकी मारताना हात थरथरतो, म्हणून एका टिचकीत फाइल उघडेल अशी सोय केली. ती मिंटमध्ये आहे. बाण हरवतो, म्हणून बाण मोठा केला. पडद्यावर चारच चित्रे ठेवली आणि त्यांना मराठीत नावे दिली, 'पाऊस', 'इंटरनेट', 'फोटो', 'पत्र'. बाकी सगळे आत लपवले. दोन आठवड्यांत तात्या १९९३ सालच्या नोंदींपर्यंत पोहोचले होते.

दुसरा दाखला आत्याचा. वय ६८, शिक्षण सातवी. बचत गटाच्या त्या अध्यक्षा. गटाचा हिशेब एका केंद्रावरच्या मुलाच्या संगणकात असायचा. मुलगा नोकरीला लागून गेला, त्याच्याबरोबर फाइल गेली, आणि तीन महिन्यांचा हिशेब बायकांना वहीवरून पुन्हा उतरवावा लागला. शेतकरी ओळख क्रमांक काढताना, सातबारा काढताना, प्रत्येक वेळी मोबाइलवर आलेला ओटीपी त्या काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवायच्या. मागे दहा माणसे उभी. हे आपल्या डोळ्यांसमोर चालते आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही!

आता आत्याच्या घरी नातवाचा जुना संगणक आहे, त्यावर लिनक्स आणि लिबरऑफिस. हिशेबाच्या तक्त्यात त्या स्वतः आकडे भरतात. बेरीज यंत्र करते, तरी त्या बोटांवर एकदा पडताळून बघतात. "यंत्राचा भरवसा हाय, पण माझा माझ्यावर जास्ती हाय," असे त्यांचे म्हणणे. डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, हे त्यांना कळल्यावर त्यांनी गटातल्या बायकांना सांगितले. महिन्याभरात दोघीजणी त्यांच्याकडे बघायला आल्या. शेजारणीचे शेत पाहून विश्वास बसतो, तो असा.

सांगायचा मुद्दा हा, की इथे प्रश्न कोणत्या प्रणालीचा कमी आणि स्वाधीनतेचा जास्त आहे. स्वतःचा कागद, स्वतःचा हिशेब, स्वतःचा ओटीपी स्वतःच्या हातात राहणे. वयाच्या सत्तरीत तो हातातून सुटला, तर माणूस आपल्याच घरात परक्याच्या दारी उभा राहिल्यासारखा होतो.

मराठी अक्षरांचा घोळ

वयस्क मंडळींची सगळ्यात मोठी शंका मराठीची असते. तिथे थोडे थांबून सांगतो. इनस्क्रिप्ट नावाची कळफलकाची सरकारमान्य मांडणी आहे आणि ती लिनक्समध्ये आधीपासूनच असते, फक्त चालू करायची. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ख', 'ग'वर दाबले की 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ', आणि 'ल'वर दाबले की आपला मराठी 'ळ'. ज्याने बाराखडी घोकली आहे, त्याला ही मांडणी इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहिण्यापेक्षा सोपी जाते. तात्यांनी बोराच्या आकाराच्या कागदाच्या चकत्या कापून कळांवर चिकटवल्या. महिन्याने त्यातल्या निम्म्या झिजून पडल्या, पण तोवर बोटांना जागा कळल्या होत्या.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचे दुखणे मात्र खरे आहे. १९९० च्या दशकापासून सहकारी संस्थांची इतिवृत्ते, पत्रे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाली. युनिकोड नसलेल्या या फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेला असे समजून माणसे घाबरतात. मजकूर गेलेला नसतो. तो फॉन्ट टाकला तर पुन्हा दिसतो, आणि युनिकोडमध्ये बदलून घेतला तर कायमचा सुटतो. हे दुखणे विंडोजवरही होतेच. लिनक्सच्या माथी मारू नये.

मेनूतले सगळे शब्द मराठीत आलेले नाहीत. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे दिसते, ते डोळ्याला खटकते. पण ज्यांनी २००१ नंतरच्या काळात एमएस-सीआयटी केली, त्यांना लिबरऑफिसची वरची पट्टी जुन्या वर्डसारखीच वाटते. ती मंडळी लवकर रुळतात.

जिथे जमत नाही, तिथे नाही

विस्ताराच्या कामात एक पथ्य असते. जमीन पाहिल्याशिवाय वाण सांगायचा नाही. काळ्या रानातले पीक मुरमाड रानावर लादले, तर शेतकरी पुन्हा आपले ऐकत नाही. लिनक्सचेही तसेच.

माझे सासरे एका छोट्या संस्थेचे हिशेब टॅलीवर ठेवतात. टॅली थेट लिनक्सवर चालणारी नाही. त्यांच्या यंत्राला मी हात लावला नाही. 'नवे यंत्र घ्या आणि विंडोजच ठेवा,' हाच सल्ला दिला. ज्यांना डिजिटल सहीचा डोंगल लावून काम करावे लागते, किंवा बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र जोडावे लागते, त्यांनीही आधी चौकशी करावी. अशा बऱ्याच उपकरणांचे सॉफ्टवेअर विंडोज किंवा अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवूनच केलेले असते. प्रिंटरचे दोन प्रकार. काही जोडताक्षणी चालतात, काही दोन दिवस रडवतात. घरातला प्रिंटर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर आधी चालवून पाहावा, मगच निर्णय घ्यावा.

आणखी एक गैरसमज लगेच खोडतो. 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' असे छातीठोक सांगणारे भेटतात. विंडोजच्या मानाने घरगुती लिनक्सवर हा त्रास खूपच कमी, एवढे म्हणावे. पण आज म्हाताऱ्या माणसांना लुटतात ते व्हायरसने कमी आणि बोलण्याने जास्त. 'पीएम किसान'च्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, 'तुमचा संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा' असा पडद्यावरचा खोटा इशारा, 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी, यांना प्रणाली अडवू शकत नाही. कायद्यात डिजिटल अरेस्ट असला प्रकारच नाही. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, हा आकडा प्रत्येक संगणकाच्या कडेला चिकटवलेला हवा. कीड येऊच नये असे वाण नसते. नजर ठेवणारा शेतकरी असतो.

फुकट आहे, पण मोल आहे

आता मूळ मुद्दा. लिनक्स फुकट मिळते, म्हणून मुलगा दिवाळीच्या सुट्टीत येतो, दोन तासांत टाकतो, 'छान चालतंय' म्हणतो आणि चौथ्या दिवशी पुण्याला निघून जातो. आठ दिवसांनी आवाज बंद पडतो. म्हातारा फोन लावतो. मुलगा मीटिंगमध्ये असतो. रात्री चिडून म्हणतो, "काहीतरी दाबलं असणार तुम्ही." संपले. त्या दिवसापासून तो संगणक ओट्यावरच्या टोपलीखाली जातो. मग आपण म्हणतो, लिनक्स म्हाताऱ्यांना जमत नाही.

जमत नाही ते आपल्याला, शेजारी बसणे. म्हातारी माणसे नव्याला घाबरत नाहीत. पुन्हा पुन्हा विचारायला घाबरतात. पोटच्या पोरापुढे अडाणी ठरण्याची भीती त्यांना यंत्रापेक्षा मोठी असते. जुन्या 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीत कृषी कर्मचाऱ्याने ठरल्या दिवशी ठरल्या गावात गेलेच पाहिजे, असा दंडक होता. काम असो वा नसो. त्यामुळे शेतकऱ्याला बोलावणे धाडावे लागत नसे, प्रश्न मनात जपून ठेवता येत असे. घरातल्या ज्येष्ठांसाठीही असा एक ठरलेला वार हवा. रविवार सकाळ, अर्धा तास. समोर असाल तर समोर, नाहीतर फोनवर.

अनुभवाने ठरलेली आणखी चार पथ्ये सांगतो. पहिले, शिकवताना माउस आपल्या हातात घ्यायचा नाही. आपण भराभर करून दाखवले की त्यांना फक्त आपला वेग दिसतो, रीत दिसत नाही. शेतीशाळेत आम्ही कीड ओळखून देत नाही, शेतकऱ्यालाच पान उलटून बघायला लावतो, ते यासाठीच. दुसरे, एक दोनशे पानी वही संगणकाशेजारी ठेवायची, आणि पायऱ्या त्यांनी त्यांच्या शब्दांत, त्यांच्या अक्षरात लिहायच्या. तिसरे, एकदा लावलेली घडी मोडायची नाही. नवे रूप आवडले म्हणून आपण चित्रांच्या जागा बदलल्या, की त्यांचा महिन्याचा सराव मातीत. चौथे, बिघडले तर मागे जाण्याची सोय आधी करून ठेवायची. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. ती प्रणालीची आजची अवस्था जपून ठेवते आणि लागेल तेव्हा तिथवर परत नेते. पण ती मुख्यतः प्रणालीसाठी आहे. पावसाच्या नोंदी आणि गटाचे हिशेब यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, दर महिन्याला, हे वेगळे ध्यानात ठेवावे. 'काही केलं तरी मोडणार नाही' हा दिलासा मिळाला, की सत्तरीचा माणूससुद्धा बिनधास्त बटणे दाबून बघतो. तिथून खरे शिकणे सुरू होते.

गावाने काय करावे?

प्रत्येक घरात असा शेजारी बसणारा माणूस मिळेलच असे नाही. म्हणून ही गोष्ट एकट्या घरावर सोडून चालणार नाही. गावच्या वाचनालयात एक लिनक्सचा संगणक आणि दोन-तीन पेनड्राइव्ह ठेवावेत. रोपवाटिकेतून रोप न्यावे तसे ज्याला हवे त्याने न्यावे. कायद्याने यात कसली आडकाठी नाही. प्रती काढून वाटणे हा या प्रणालीचा धर्मच आहे. आयटीआयमधली संगणकाची पोरे आठवड्यातून एक दिवस तिथे बसू शकतात. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात काही महिने मुक्कामाला असतात. बीजप्रक्रियेच्या आणि माती नमुन्याच्या प्रात्यक्षिकाबरोबर हेही एक प्रात्यक्षिक त्यांनी घेतले, तर गावाला उपयोग होईल आणि पोरांनाही म्हाताऱ्यांशी बोलायची सवय लागेल. ग्रामपंचायतीत आणि शाळेत धूळ खात पडलेली जुनी यंत्रे लिलावात भंगाराच्या भावाने देण्याआधी एकदा पेनड्राइव्ह लावून पाहण्याचा ठराव ग्रामसभेने करायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, मोबाइल आहे की, संगणक हवाच कशाला? मोबाइल हवाच. पण साठ नावांचा बचत गटाचा तक्ता बोटभर पडद्यावर भरून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो. लिहायला बसायला टेबल लागते. मोबाइल हा बाजारहाटाचा खिसा आहे, संगणक ही घरातली कपाट-पेटी आहे. दोन्हींची कामे वेगळी.

दुसरे कुणी म्हणतील, सरकारी अधिकाऱ्याने कशाला एका प्रणालीची भलावण करावी? मी कुणाचा माल विकत नाही. ज्यांची विंडोज नीट चालते, कामाला लागते आणि परवाना रीतसर आहे, त्यांनी ती जरूर वापरावी. मी बोलतो आहे ते त्या यंत्रांबद्दल, जी धडधाकट असून टाकून दिली जात आहेत, आणि त्या माणसांबद्दल, ज्यांना आपण यंत्राबरोबरच अडगळीत टाकतो आहोत.

तेव्हा गावाबाहेर नोकरीला असलेल्या मुला-मुलींना एवढेच सांगणे आहे. पुढच्या सुट्टीला गावी याल तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन या, पण परतीचे तिकीट चार दिवस पुढचे काढा. पहिल्या दिवशी टाका. उरलेले दिवस शेजारी बसा, हात मागे बांधून. पेरणी एका दिवसाची असते, राखण हंगामभराची. पेरून निघून जाणाऱ्याच्या शेतात काय उगवते, हे शेतकऱ्याच्या लेकरांना निराळे सांगण्याची गरज नाही.